पऱ्यांच्या पुस्तकाला तीन तारे

माझ्या सतरा वर्षांच्या मुलीने पऱ्यांची प्रेमकथा लिहिली. छोटंसंच पुस्तक, इंग्रजीत, ऑनलाइन विकायला ठेवलेलं. वॉटफर्डमधली एक मुलगी, पऱ्यांच्या देशातला राजपुत्र, आणि मधलं एक दार, जे शेवटी तिला स्वतःच्या हाताने बंद करावं लागतं. मी वाचलं आणि ट्रेनमध्ये ढसाढसा रडले. पण मी पडले आई, रडणारच. म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणींना म्हटलं, "बायांनो, वाचा आणि खरं काय ते साइटवर लिहा."

वाचलं हो सगळ्यांनी! एकीची आमटी करपली. दुसरी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून वाचत बसली. तिसरीने मला फोन करून राजपुत्राचा उद्धार केला, "मेला दारापाशी नुसता उभा! तोंडातून एक शब्द फुटेल तर शपथ!" मला तर आभाळ ठेंगणं झालं.

शनिवारी मुलगी फोन घेऊन खाली आली, चेहरा एवढासा. "आई, सगळ्यांनी थ्री स्टार्स दिले." खाली लिहिलेलं: बरं जमलंय, छान प्रयत्न, सुधारणेला वाव आहे. इथे इंग्लंडमध्ये पाचात तीन म्हणजे वाचू नका. आम्हा मराठी माणसांत पैकीच्या पैकी देवालाही मिळत नाहीत. मी परोपरीने समजावलं. "त्या फक्त पोलाइट आहेत," ती म्हणाली. "उद्या काढून टाकते ते पुस्तक. आणि परत नाही लिहिणार." ती बोलते तसं करते.

आमटीवालीला फोन लावून चांगलं फैलावर घेतलं. ती आपली थंड. "अगं, पाच दिले तर पोरगी हवेत जाईल. शिवाय दृष्ट लागते." कप्पाळ माझं!

रविवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. नॉटिंगहॅमहून आपल्या मुलाकडे राहायला आलेल्या एक काकू आहेत. काका गेल्यापासून त्यांना कुणी असल्या कार्यक्रमांना बोलवत नाही. मी बोलावलं. असले नियम माझ्या घरात चालत नाहीत.

मुलगी तिळगुळाचा ट्रे घेऊन आली, तर बायकांनी तिला घेरलंच. ती परत का नाही गेली? राजपुत्राची आई एवढी खाष्ट कशी? पानन् पान पाठ होतं बयांना! मुलगी भांडून उत्तरं देत होती, अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश. तिच्या चेहऱ्यावर रंग आला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मग काकू म्हणाल्या, "इकडे ये गं. दार लावून ती घरी येते, चहाला दोन कप काढते, आणि एक परत ठेवते. हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही, काकू. मला वाटलं, असंच होत असेल."

"असंच होतं," काकू म्हणाल्या. काका गेल्यापासून, कशा आहात विचारलं की 'चाललंय', यापलीकडे त्यांनी आम्हाला काही सांगितलं नव्हतं.

"मग पुढे ती काय करते? तू तिथेच थांबलीस."

मुलगी ट्रे ठेवून त्यांच्या शेजारी बसली. "मला नाही माहीत. तुम्ही काय केलं?"

असं विचारतात का मोठ्यांना! मी दटावणार होते, पण काकू सांगायला लागल्या होत्या. चहा गार झाला, कुणी उठलं नाही. शेवटी मुलीने हळूच विचारलं, "काकू, मी हे लिहू?"

"लिही," काकू म्हणाल्या. "फक्त त्याला परत आणू नकोस. येत नाहीत ते."