पाचवा गिअर आणि मधली जागा

आमच्या घरात एक खोटं बिनबोभाट नांदतंय, आणि ते मी आणलंय. हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही — नवऱ्यापुढे नाही, लेकीपुढे नाही, देवळात हात जोडतानासुद्धा नाही. तुम्हाला सांगते. हसू आलं तर हसा, मलाही येतं. पण सगळं ऐकून घ्या, कारण पुढे हसण्यासारखं नाही.

चौसाळ्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे, आणि दारात मामंजींची पांढरी अँबॅसिडर. मामंजी म्हणजे माझे सासरे. ते गेले, गाडी मागे राहिली, आणि यांचा — माझ्या नवऱ्याचा — तिच्यावर इतका जीव, की दसऱ्याला आधी तिला हार आणि मग आम्हाला जेवण. मी तिला सवत म्हणायचे. मनातल्या मनात.

एका पावसाळ्यात तिचं पेट्रोलचं इंजिन बसलं ते बसलंच. माझ्या थोरल्या भावाचं, नागूदादाचं, पाटोद्याला गॅरेज आहे. त्याने कुठल्याशा उलटलेल्या जीपचं डिझेल इंजिन मिळवलं, त्याच्या गिअरबॉक्ससकट. आता प्रश्न असा, की नव्या इंजिनाला गिअरबॉक्स कोणता जोडायचा? अँबॅसिडरचा जुना, चार गिअरचा, ज्याचा दांडा स्टिअरिंगपाशी असतो? की जीपचा, पाच गिअरचा, ज्याचा दांडा खालून, दोघांच्या मधून वर येतो? यांनी तर पाचव्या गिअरचा ध्यासच घेतला. जेवताना डावा हात ताटाशेजारी खालीवर चालायचा. आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणाल्या, याला काय झालंय ते एकदा डॉक्टरला दाखवा.

मला गिअरमधलं काय कळतंय, असं सगळ्यांना वाटायचं. खरंच होतं ते. पण एक गोष्ट मला लगेच कळली — तो दांडा माझ्या जागेतून वर येणार होता.

माझी जागा म्हणजे पुढच्या अखंड सीटवरची मधली. ती मला कशी मिळाली, ते सांगते. आत्याबाईंना गाडी लागायची, म्हणून त्यांना पुढे खिडकीपाशी बसवायचं. त्यांना लिंबू हुंगवायला, पाठ चोळायला कुणीतरी शेजारी हवं. मागे दोन नणंदा, पोरं, डबे, फुगलेल्या पिशव्या. मग राहिलं कोण? सून. आता तुम्हीच सांगा, आमच्यासारख्या घरात नवराबायको चारचौघांत शेजारी बसतात कधी? लग्नात पुरुषांची पंगत वेगळी. देवळात रांग वेगळी. घरी मी स्वयंपाकघरात, हे दुकानात. आणि इथे — सगळ्यांच्या देखत, सासूच्या परवानगीने, अख्ख्या हायवेवरून — खांद्याला खांदा! गिअर टाकला की यांचं कोपर माझ्या दंडाला लागायचं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मी समोर रस्त्याकडे बघत आत्याबाईंची पाठ चोळायचे, आणि आतून अशी खुशीत असायचे म्हणून सांगू.

दांडा खालून आला असता, तर मी मागे गेले असते. डब्यांत.

मग दिवाळी आली. गाडी अजून दादाच्या गॅरेजमध्ये बोनेट उघडून उभी. भाऊबीजेला मी एसटीने पाटोद्याला गेले. दादा पाटावर बसला, मी टिळा लावला, ओवाळलं. त्याने साडी काढली. मी ताट मागे घेतलं.

"साडी नगं, दादा. ती जीपची गिअरची पेटी गाडीला बसत न्हाई म्हणून सांग यांना."

"कावून गं? मापात हाय की ती."

कारण काय सांगणार? भावाला? माझे कान तापले. मी निरांजनाची वात सारखी करत राहिले. दादाने साडी बाजूला ठेवली.

"कामात खोटं बोललो न्हाई कधी," तो म्हणाला. "पर ओवाळणीला न्हाई म्हनता येत न्हाई. जा, न्हाई बसत."

आणि हे मला फार पुढे कळलं — जुना गिअरबॉक्स नव्या इंजिनाला जोडणं हेच अवघड होतं. दोन्हींच्या मधली जाड प्लेट त्याने लेथवर स्वतः कातून काढली. माझ्या मधल्या जागेसाठी.

गाडी सुरू झाली. छान पळते अजून. पण हायवेला ट्रक मागे टाकून गेला की हे म्हणतात, पाचवा असता तर! आणि त्यामागून ठरलेलं — आमच्या मेहुण्याला माप घेता येत नाही. लग्नात म्हणाले, बारशात म्हणाले, दुकानात गिऱ्हाइकाला पातेलं दाखवता दाखवता म्हणाले. लोक हसायचे. मीही हसायचे. हो, मीही.

इथवर गंमत होती. पुढचं सांगते.

गावच्या पाटलांकडे आजोबांची जुनी जीप होती. तिला नवं इंजिन बसवायचं होतं, आणि काम नागूदादालाच द्यायचं त्यांच्या मनात होतं. दादा हरखला होता. असं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळत होतं. पाटील आमच्या घरी विचारायला आले. यांनी विचारलं तसं सांगितलं, मनात काही न ठेवता — मेहुणा आहे, माणूस सोन्यासारखा, पण गिअरबॉक्सचं काम त्याला जमत नाही. मी तिथेच होते. चहाचा ट्रे माझ्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं. मी विचारलं, साखर बरोबर आहे ना?

जीप गेवराईच्या मिस्त्रीकडे गेली. दादा मला एका शब्दाने बोलला नाही. मी ते वाक्य आजही बोललेले नाही.

आत्याबाई आता नाहीत. नणंदा सासरी सुखात आहेत, पोरं शिकायला बाहेरगावी. परवाच्या भाऊबीजेला आम्ही दोघंच अँबॅसिडरने पाटोद्याला गेलो. हे नेहमीचं बोलले, आमचा मेहुणा आणि माप. दादा हसला, पाटावर बसला, टोपी नीट केली. मी ओवाळलं. त्याने साडी घातली ताटात, हिरवी, चांगली जाड काठाची. मी ती घेतली.

परतताना मांजरसुंब्याहून हायवेला लागलो. ऊन उतरलं होतं, दोन्हीकडे ज्वारी उभी, आणि मी उगाच गुणगुणत होते. एक ट्रक पुढे गेला. हे म्हणाले, "पाचवा असता तर..." आणि चौथा टाकला. कोपर माझ्या दंडाला लागलं.

खिडकीपाशी अख्खी जागा रिकामी होती. मी सरकले नाही.