नलूताईंचे बांगडे

किहीमच्या मासळी बाजारात नलूताईंनी महिनाभर बांगड्याशिवाय काहीही घेतलं नाही. जनाबाई कोळीण टोपलीवरचं फडकं उचलून म्हणायची, "ताई, पापलेट ताजी हाय, बघा तरी." ताई बघायच्यासुद्धा नाहीत. "बांगडेच दे गो." बांगडा त्यांना मुळीच आवडत नव्हता. हे जनाबाईला ठाऊक होतं आणि शेजारी म्हणून मलाही.

तरी बांगडेच का, हे कळायला आधी नलूताई कोण ते सांगायला हवं. मुंबईत एका बँकेत त्यांनी आयुष्यभर इतरांचे हिशेब तपासले. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन वडिलांच्या वाडीतल्या आपल्या वाट्यात येऊन राहिल्या. पलीकडच्या वाट्यात थोरले भाऊ, वसंतदादा. मग नवी मुंबईतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने त्यांना स्वतंत्र संचालक म्हणून बोलावलं. म्हणजे साहेब लोक काय करतात त्यावर भागधारकांच्या वतीने डोळा ठेवायचा. कंपन्यांना हा डोळा सहसा मिटलेला आवडतो. ताईंचा उघडा निघाला, ही कंपनीची निवडीतली चूक.

गावाला मात्र भारी अभिमान. 'आपल्या ताई आहेत तिथे' एवढ्या अभ्यासावर गावातल्या निवृत्त मंडळींनी त्या कंपनीचे शेअर घेतले. वसंतदादांची सुपारी वादळात आडवी झाली होती. तिची भरपाई आणि गाठीला होतं ते सगळं त्यांनी कंपनीत घातलं. वाढलं की वाडी नव्याने लावायची. ताईंनी तेव्हाच सांगून पाहिलं होतं, "दादा, माझ्याकडे बघून घेऊ नकोस, कंपनीकडे बघून घे." दादांना तो विनय वाटला.

कंपनीला तेव्हाच धाप लागली होती. मोठी गिऱ्हाइकं सुटत होती आणि वार्षिक अहवालातली छायाचित्रं तेवढी अधिकाधिक हसरी होत होती. अशात एक दिवस मुख्य अधिकारी आणि पैशाचा कारभार पाहणारे साहेब, दोघांनीही राजीनामे दिले. कारण वैयक्तिक. एकाच दुपारी दोघांना वैयक्तिक कारण व्हावं, म्हणजे साथच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तज्ज्ञ जमले. कुणी म्हणालं, परदेशी कंपनी विकत घेतेय, भाव दुप्पट होणार. कुणी म्हणालं, भानगड आहे. प्रत्येक जण आताच बैठकीतून उठून आल्यासारखा बोलत होता. मग एकेक जण ताईंकडे जाऊ लागला, कुणी परसातला दुधी घेऊन, कुणी अगदी सहज. ताई चहा देत आणि म्हणत, "ताकाला आलायत ना, मग भांडं कशाला लपवता? पण आमच्या घरी ताक नाही हो."

तोंडातून काही निघेना तेव्हा मंडळी पिशवी वाचू लागली. एके सकाळी ताईंनी पापलेट घेतलं; बातमी चांगली आहे असं ठरून दोघांनी आणखी शेअर घेतले. पुढे एक दिवस त्यांनी मासळीच घेतली नाही. एकाने घाबरून अलिबागला जाऊन सगळे विकून टाकले. त्या दिवशी संकष्टी होती.

ही गंमत मी ताईंना सांगितली. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बांगडे सुरू झाले. बैठकीला मांडव्याहून बोटीने जाताना साडीही तीच, राखाडी. मी म्हटलं, अहो, एवढं कशाला? म्हणाल्या, "बोर्डात कळलं ते माझं नव्हे. दुसऱ्याची वस्तू मी वाटत नाही, पिशवीतूनसुद्धा नाही."

सचोटीवरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत, शाल-श्रीफळासकट. नावडता मासा खाऊन ती पाळणारं माणूस हे पहिलंच.

मग एका दुपारी वसंतदादा आले. मी ओटीवर वर्तमानपत्र चाळत होतो. ताई अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या. दादा बसले नाहीत.

"नलू, गावाला नको सांगूस. मला एवढंच सांग, ठेवू की विकू?"

"दादा, जेवून जा."

"नुसती मान हलव."

"जेवून जा," ताई म्हणाल्या. अडकित्ता थांबला नाही.

दादा न जेवता निघाले. फाटकापाशी मला हळूच म्हणाले, "बघितलंत? वाईट असतं तर बोलली असती. सख्खी बहीण आहे." त्यांचा चेहरा खुलला होता. मी मागे वळून पाहिलं. ताई सुपारी कातरतच होत्या; कातरलेली पुन्हा कातरत होत्या.

दादांनी शेअर ठेवले. पुढे कंपनीत आतल्या आत चाललेल्या चौकशीचा निकाल जाहीर झाला: नसलेली कामं कागदावर दाखवली होती. चौकशी ताईंनीच हट्टाने लावली होती आणि तिच्याच धास्तीने दोन्ही साहेब गेले होते. काय सापडतंय ते आधी बाहेर फुटतं तर उरलेले पुरावे पुसले गेले असते. शेअरला रद्दीचा भाव आला. टपरीवर ठरलं की बाईने भावाला बुडवलं. हे ठरवणाऱ्यांतले बरेच जण स्वतःही बुडाले होते, त्यामुळे आवाज मोठा होता.

दादा कितीतरी दिवस फिरकले नाहीत. ताईही समजूत घालायला गेल्या नाहीत. मग एका सकाळी ते आले, तेव्हाही मी तिथेच होतो.

"मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

"वाडीचे पैसे जाणार, हेही?"

"हो."

दादा पायरीवर बसले. मग त्यांनी विचारलं, "आज आई असती आणि तिने विचारलं असतं, तर?"

"तिलाही नसतं सांगितलं."

"मग ठीक आहे," दादा म्हणाले. "चहा टाक."

ताई उठून आत गेल्या. मी वर्तमानपत्र तिथेच ठेवलं आणि चपला घातल्या. त्या ओटीवर आपण बसावं इतकी आपली उंची नाही, असं आयुष्यात प्रथमच वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात दादांच्या वाडीत सुपारीची रोपं लागली, थोडीच, एका कडेने. पैसे कुठून आले, टपरीवर पुष्कळ तर्क झाले. मी काही विचारलं नाही. सांगणार नव्हती, दोघंही.