तरोट्याची जागा

आई गेल्याला दोन वर्षं झाली. लोक म्हणतात, आजारपणात तू तिचं सगळं केलंस. केलं, पण एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली, ती अजून जिवाला खाते.

रुआबांध्यात आमच्या घरामागे एक सखल पडीक पट्टा होता. आषाढात तिथे तरोटा माजायचा. बाबा इथल्या स्टील प्लांटमध्ये लागले म्हणून आई भंडाऱ्याकडचं शेत सोडून इथे आली. शेत सुटलं, रानभाजी खुडायची सवय सुटली नाही. सकाळी पदर खोचून ती पट्ट्यात वाकलेली असायची, सोबत मोहल्ल्यातल्या छत्तीसगढी बाया. त्या तरोट्याला चरोटा म्हणत आणि पाला किती कोवळा हवा यावरून आईशी भांडत. घरात जेमतेम बोलणारी आई तिथे कोणाचंही ऐकायची नाही.

मला तिची लाज वाटायची. शाळेतल्या एका मैत्रिणीनं विचारलं होतं, "तेरी मम्मी गाय के लिए घास काटती है क्या?" मी हो म्हणाले. आमच्याकडे गाय कधीच नव्हती.

पुढे मी एका छोट्या सल्लागार ऑफिसात लागले. पोरगी कम्प्युटरवर काहीतरी करते, एवढंच आईला माहीत. एका वर्षी आम्हाला शहरातल्या मोकळ्या जागा नोंदवायचं काम मिळालं: कुठे काय उगवतं, काय उडतं, आणि जैवविविधता वाढवायला पैसा कुठल्या जागेवर लावायचा. घरामागचा पट्टा नेमका माझ्याच वाट्याला आला.

फॉर्ममध्ये एक रकाना होता: स्थानिक लोक या जागेचा काय उपयोग करतात, ते त्यांना विचारून लिहा. आई पन्नास पावलांवर ओसरीत तांदूळ निवडत होती. मी तिला विचारलं नाही. तण खुडणारी बाई आपली आई आहे, हे ऑफिसात कळेल याची मला धास्ती होती. मी लिहिलं, निरंक. तरोट्यावर भिरभिरणारी बारकी पिवळी फुलपाखरं मात्र हौसेनं नोंदवली. ती अंडी त्याच तरोट्यावर घालतात, एवढी अक्कल या शहाण्या बाईला नव्हती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. तो दांडा मी.

निरुपयोगी जागा सुधारायला कोणालाही आवडतं. उन्हाळ्यात जेसीबीनं पट्टा सपाट केला. लॉन आलं, पेव्हर ब्लॉक आले, पामची झाडं रांगेत लागली, फाटकावर फुलपाखराचं चित्र असलेली पाटी लागली. खरं फुलपाखरू मला तिथे पुन्हा दिसलं नाही.

त्या आषाढात आई भाजी खुडायला गेली तशी रिकामीच परत आली. माळ्यानं तिला आत वाकू दिलं नव्हतं. मी म्हटलं, मी बाजारातून आणून देते.

"भाजीचं काय वं, भाजी भेटते बजारात," ती म्हणाली. "पण आता सकाळी जाऊ कुठं?"

त्यानंतर ती घराबाहेर पडेनाशी झाली. बाया एकदोनदा येऊन गेल्या. खुर्च्यांवर बसून चहा प्यायल्या, कप ठेवून उठल्या.

आजारी पडल्यावर एका दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होते. तिनं विचारलं, "त्या बगीचावाल्यायनं कोणालेच विचारलं नसन का वं, इथं काय होते म्हणून? मी सांगितलं असतं ना सगळं."

"बाहेरचे लोक रायते आई. त्यायले काय मालूम."

"तेच तं म्हणून राहिली मी," आई म्हणाली. "घरचं कोणी असतं तं विचारलं असतं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तेल लावत राहिले.