फुकटच्या कांड्या

सन १९२६. होळीच्या आधीचा बुधवार, पांजणीचा दिवस. हजर: कांड्या भरणाऱ्या आम्ही सहा जणी, मोगलाईतून नव्याने आलेल्या विणकरांच्या घरच्या तीन बाया, त्यांचे पुरुष, मालक, आणि चुलीवर खळीचं पातेलं. गैरहजर: कोणी नाही. शुक्रवार पेठेतल्या आमच्या हातमागाच्या कारखान्यात असा दिवस क्वचितच यायचा.

मी तेव्हा चाळिशीला टेकले होते. चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून सहा जणींची हजेरी माझ्याकडे. हजेरीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी करायच्या कामांची यादी लिहायची. त्या दिवशी यादीत तीनच कामं होती. एक, सहाही जणींचं काम टिकवायचं. दोन, जी कांडी भरेल तिची मजुरी तिच्या हातात. तीन, खिडकी; कारण आम्ही बसायचो त्या भिंतीला उजेडाचा एक कवडसाही नव्हता.

पहिलं काम का निघालं ते सांगते. आम्ही रहाटावर सूत गुंडाळून कांड्या भरायचो, त्या धोट्यात घालून पुरुष लुगडी विणायचे. आमची मजुरी कांड्यांच्या वजनावर. संक्रांतीनंतर मोगलाईतल्या तेलंगणातून तीन कुटुंबं आली. त्यांची रीत वेगळी. मागावर पुरुष बसायचा, पण त्याच्यामागे सगळं घर राबायचं. बायकोने भरलेल्या कांड्या लुगड्याच्या मजुरीतच धरलेल्या. मालकांचे आजोबाही तिकडूनच आलेले, म्हणून मालकांना ही रीत ठाऊक होती. त्यांनी मला बोलावलं. "होळीनंतर तुमच्यातल्या दोघी पुरेत. कुठल्या दोघी, ते तूच ठरव."

मी परत येऊन सगळ्यांना सांगितलं. अकलूजकडची आमची एक होती, जिभेची तिखट. ती म्हणाली, "फुकट राबणाऱ्या आल्यावर आमाला कोण इचारतंय? गुंत्याच्या लडी द्या की तिकडं. बघू कशा भरत्यात ते."

सूत वाटायचं काम माझं, तेव्हा हा खोडसाळपणा माझ्याच हातून झाला, हेही लिहून ठेवते. आठ दिवस गुंतलेल्या लडी त्यांना आणि सरळ आम्हाला. त्यांच्यातली थोरली माझ्याच वयाची होती. नवरा, दीर आणि मुलगा, अशा तीन मागांच्या कांड्या एकटी भरायची. पायाच्या अंगठ्याला लड अडकवून ती गुंता सोडवत बसे.

नवव्या दिवशी नळावर तिने मला गाठलं. "अक्का, वाईट लडी रोज मलाच कसं येतंय?" मराठी मोडकं, पण विचारणं नेमकं.

मी खरं ते सांगून टाकलं. "तू फुकट भरतेस, म्हणून आमच्या चौघी घरी बसणार आहेत."

तिने घागर खाली ठेवली. "फुकट मला आवडतंय म्हणतीस? माग तीन, चूल एक. तुझं काम मला नको गं. मला दुपारी अर्धा घंटा झोप पायजे."

मला हसू आलं, आणि पाठोपाठ मी जेऊरहून आले ते दिवस आठवले. तेव्हा पेठेतल्या जुन्या बायांनी मला सगळ्यांत कुरकुरणारा रहाट दिला होता. खेड्यातल्या येतात आणि दर पाडतात, असं त्या म्हणायच्या. दर खरंच पडला होता, कारण मालकांनी सांगितलेल्या मजुरीला मी लगेच हो म्हटलं होतं. जास्त मागता येतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. रहाट तेवढा दिला.

म्हणून आम्ही सहा जणींनी बुधवारसाठी केलेला बेत मी तिला सांगितला. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली. घागर उचलून गेली. दुसऱ्या दिवसापासून लडी मात्र मी सारख्या वाटल्या.

पांजणी म्हणजे ताण्याच्या उभ्या सुताला खळ लावणं. पहाटे बोळभर सूत ताणायचं, कुंच्याने गरम खळ फिरवायची आणि ऊन चढायच्या आत धागे सुटे करून वाळवायचे. हातभार सगळ्या बायांनी लावायचा, त्याची मजुरी नाही, अशी जुनी वहिवाट. त्या बुधवारी ताणा लागला, खळ उकळली, आणि आम्ही सहा जणी ओट्यावर बसून राहिलो.

मालक म्हणाले, "बायांनो, खळ गार पडतीय. गुठळ्या झाल्यावर उठणार का?"

अकलूजवाली म्हणाली, "उठतो की मालक. दोघींनीच उठायचं का सगळ्यांनी, तेवढं सांगा."

मालकांनी आमचा नाद सोडला आणि थोरलीकडे वळून तेलुगूत काही सांगितलं. तिने कुंचा उचलला. पण ती पातेल्याकडे गेलीच नाही. बादलीत कुंचा स्वच्छ धुतला, भिंतीला टेकवला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. नवरा ओरडला. तिने एका दमात काहीतरी लांबलचक ऐकवलं, आणि तिच्याकडची माणसं पोट धरून हसली. तिच्या मुलाने आम्हाला अर्थ सांगितला: "आई म्हणतीया, कांड्या फुकट येत असतील तर एक दिवस बाबांनी भराव्यात. तिला बघायचंय."

मालकांनाही हसू आवरलं नाही. पातेल्यावर साय धरू लागली होती. ते म्हणाले, "सहाच्या सहा ऱ्हावा. ह्यांच्या कांड्या वेगळ्या तोलू, मजुरी बायांच्या हातात देऊ. आता उठा!"

आम्ही नऊ जणी उठलो. ताणा वाचला.

पुढे मालकांनी विणकरांच्या लुगड्यामागच्या मजुरीतून थोडं कापलं, त्यामुळे थोरलीच्या घरात फार भर पडली असं नाही. पण जे आलं ते तिच्या हातात आलं, आणि दुपारी अर्धा तास ती रहाटाशेजारी पदर तोंडावर घेऊन झोपायची.

पहिली दोन कामं मी त्याच दिवशी खोडली. तिसऱ्याला मालक म्हणाले, "पावसाळ्याआधी करू." थोरलीने लगेच कोळसा घेतला, आम्हा सगळ्यांना रहाटापुढे बसवलं आणि डोळ्यांच्या उंचीवर भिंतीवर खिडकीची चौकट आखली. त्यानंतर त्या भिंतीला पुष्कळदा चुना लागला. दर वेळी मी चुना देणाऱ्याला तेवढी चौकट सोडायला सांगते. गवंडी आणायचा राहिला आहे.