पेटी क्रमांक एकेचाळीस

मार्वा स्ट्राउडला कोणी विचारलं की तुम्ही मूळच्या कुठल्या, की तिची पंचाईत होते. जन्म टेक्सासचा, शाळा सहा, आणि राहिलेली घरं मोजायला दोन्ही हातांची बोटं लागतात. गेली तीस वर्षं ती कॅन्ससमधल्या एका छोट्या गावात शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळते. दोन मिनिटं उशिरा निघालेली बस तिला खपत नाही. ड्रायव्हर मंडळी तिला पाठीमागे 'सार्जंट' म्हणतात, आणि ते तिला माहीत आहे. पण हीच बाई एखादं पोर वाटेत आजारी पडलं तर सगळं वेळापत्रक गुंडाळून ठेवते, बस सरळ इस्पितळाकडे वळवायला लावते आणि नंतर वरिष्ठांना ठणकावून सांगते, होय, मीच वळवली. नव्या ड्रायव्हरांना हे कोडं उलगडत नाही. त्यांना ती अकरा वर्षांची असतानाचा एक गुरुवार ठाऊक नसतो.

तेव्हा स्ट्राउड कुटुंब पश्चिम जर्मनीत होतं, हासेलबाखच्या फौजी वसाहतीत. साल एकाहत्तर, ऑक्टोबर महिना. तीन मजली पिवळट इमारती, एका जिन्यावर सहा बिऱ्हाडं, प्रत्येक दारावर घरधन्याचं नाव आणि हुद्दा. बायकोचं नाव कुठेही नाही. तळघरात कपडे धुण्याचे वार ठरलेले, जिना पुसायची पाळी ठरलेली. पोरांनी दंगा केला तर पोरांच्या आयांकडे कोणी तक्रार नेत नसे. पत्र थेट बापाच्या साहेबाच्या टेबलावर जाई. त्यामुळे वसाहतीतलं प्रत्येक पोर खोडी काढण्याआधी आजूबाजूला कोण आहे ते बघून घेई, आणि तरीही काढीच.

एका बाबतीत मात्र कोणाची बिशाद नव्हती. संध्याकाळी पाचला तोफ उडायची, बिगुल वाजायचा आणि मुख्य कचेरीसमोरचा झेंडा खाली यायचा. तेवढा वेळ सगळी वसाहत जागच्या जागी उभी. मोटारी थांबत, माणसं खाली उतरत, वर्दीतले सलाम ठोकत, बाकीचे छातीवर हात ठेवत. झोके धरून थांबवले जात, चेंडू उतारावरून गडगडत गेला तरी कोणी मागे धावत नसे. मार्वा ह्यात सगळ्यांच्या वरताण. धाकटा लायल चुळबुळ करायला लागला तर ती मान न वळवता त्याला असा चिमटा काढायची की पोर बिगुल संपल्यावरच रडायचं. तिचे बाबा, सार्जंट क्लिफ्टन स्ट्राउड, व्हिएतनामहून परतले होते. त्यांचे चार सोबती त्याच झेंड्याखाली पेटीतून घरी गेले होते. झेंडा उतरत असताना हललीस तर त्या चौघांच्या अंगावरून चाललीस, असं त्यांनी लेकीला एकदाच सांगितलं होतं. पुन्हा सांगावं लागलं नाही.

त्या ऑक्टोबरात बाबांची बदली कॅन्ससच्या छावणीत झाली आणि एका प्रशिक्षणासाठी त्यांना तीन आठवडे आधीच जावं लागलं. मागे राहिली आई, जेनीव्हा, आठवा महिना लागलेली, पाय सुजून बूट चढेनात अशी, आणि ही दोन पोरं. दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं, म्हणून ह्या खेपेला डॉक्टरांनी शनिवारपर्यंतच विमानात बसायची चिठ्ठी दिली होती. शनिवार चुकला की बाळंतपण इथेच, नवरा समुद्रापलीकडे. जेनीव्हाने हे मार्वाला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. "ह्या वेळी मला तुझे बाबा शेजारी हवेत," ती म्हणाली होती, "बाकी काही झालं तरी चालेल." मार्वाने मान डोलावली आणि त्या क्षणापासून घराचा ताबा घेतला.

ताबा म्हणजे खरोखरच ताबा. शुक्रवारी घराची तपासणी होती. कचेरीचा माणूस येणार, स्वयंपाकाच्या भट्टीच्या आत बोट फिरवून बघणार, मग घर परत केल्याच्या कागदावर सही होणार, आणि त्या सहीशिवाय विमानाचं तिकीट हातात पडणार नव्हतं. घर बाबांच्या नावावर. आईने सही करायची तर तिच्याकडे बाबांचं मुखत्यारपत्र हवं. ते होतं, तपकिरी पाकिटात, शिक्क्यासकट.

गुरुवारी सामान बांधणारे जर्मन कामगार आले. हे लोक हाताला लागेल ते बांधतात, हे वसाहतीतलं शेंबडं पोरही सांगेल. समोरच्या बिऱ्हाडातल्या प्रुइटबाईंची कचऱ्याची टोपली मागच्या एका बदलीत बटाट्याच्या सालींसकट कागदात गुंडाळून टेक्सासला पोचली होती. म्हणून रिवाज असा, की जे बांधायचं नाही ते न्हाणीघरातल्या टबात ठेवायचं आणि दाराला चिकटपट्टी लावायची. टब म्हणजे अभय. मार्वाने पहाटेच टब भरला होता: विमानातले कपडे, आईच्या गोळ्या, लायलचं अस्वल, आणि सगळ्यात वर ते पाकीट.

लायलला अस्वल हवं झालं. त्याने चिकटपट्टी सोडवली, टबात वाकला आणि तोल सावरायला नळ धरला. मार्वा धावली तेव्हा पाकिटाचा एक कोपरा भिजला होता. तिने लायलच्या पाठीत एक धपाटा घातला, नळ बंद केला आणि पाकीट स्वयंपाकघरात नेऊन खिडकीखालच्या, खोली तापवणाऱ्या गरम नळ्यांवर वाळत ठेवलं. पाच मिनिटांत उचलू म्हणाली. तेवढ्यात आईने हाक मारली, तिला उठवून बसवायचं होतं, मग सामानाच्या यादीवर तिची सही घ्यायला मुकादम आला, आणि पाच मिनिटांचे चार तास झाले.

ट्रक गेला. रिकाम्या घरात पावलं मोठ्याने वाजायला लागली. साडेचार वाजून गेल्यावर मार्वा भट्टी घासायला स्वयंपाकघरात शिरली आणि खिडकीखाली बघितलं. नळ्या मोकळ्या होत्या. तिने यादीची प्रत उलगडली. मुकादमाच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: एकेचाळीस, स्वयंपाकघर, खिडकी, बिस्किटाचा डबा, कागद.

आई बाहेरच्या खोलीत, उसन्या घडीच्या खाटेवर पडली होती. मार्वाने काहीही लपवलं नाही. आईचा चेहरा उतरला, पण ती रागावली नाही, आणि ते मार्वाला धपाट्यापेक्षा जास्त लागलं. कॅन्ससहून दुसरा कागद यायला दोन आठवडे लागणार होते.

"ट्रक पाचपर्यंत वजनकाट्यावर असतो," मार्वा म्हणाली. "मी थांबवते. तू प्रुइटबाईंच्या गाडीतून ये. पेटी उघडायला तुझी सही लागेल."

"अगं, मैलभर आहे ते."

"म्हणून तर आत्ता निघते."

समोरच्या दारावर तिने मुठीने धडाधड ठोकलं. प्रुइटबाई केसांत गुंडाळ्या घालून दारात आल्या. आईला नि लायलला फाटकाशी घेऊन या मॅडम, एवढं सांगून ती जिना उतरलीसुद्धा.

ती धावली. शाळेच्या मागून, दुकानाच्या वाहनतळातून, प्रार्थनामंदिराच्या हिरवळीवरून, जिथे चालायला मनाई होती. मुख्य कचेरीच्या कोपऱ्यावर वळली तेव्हा समोर ट्रक दिसला. वजनकाटा सोडून तो फाटकाकडे निघाला होता. तिने हात हलवला, ओरडली. ट्रक काही थांबेना. मग तोफ उडाली.

ट्रक थांबला. सगळंच थांबलं. म्हातारा जर्मन चालक टोपी काढून खाली उतरला, कारण छावणीच्या आत त्यालाही तो नियम होता. रस्त्यावरच्या मोटारींची दारं उघडली. कचेरीच्या पायऱ्यांवर कर्नलसाहेब झेंड्याकडे तोंड करून सलामात ताठ झाले. आणि मार्वाही थांबली. ती ठरवून थांबली असं नव्हे, पायच थांबले, हात आपोआप छातीवर गेला.

फाटक तिच्यापासून दोनशे पावलांवर, आणि ट्रक फाटकापासून वीस. बिगुल संपला की चालक चढणार, ट्रक बाहेर पडणार, आणि उद्यापर्यंत तो बंदरात. तिला ते चौघे आठवले. बाबांचा आवाज आठवला. मग आईची सुजलेली पावलं आठवली. तिने छातीवरचा हात काढला आणि ती धावायला लागली.

त्या रस्त्यावर तिच्या बुटांखेरीज दुसरा आवाज नव्हता, फक्त बिगुल. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती आणि त्यांचे फक्त डोळे हलत होते. फाटकावरचा लष्करी पोलीस लाल झाला, पण तिला धरायचं तर त्याला सलाम मोडावा लागला असता. कर्नलसाहेबांचंही तेच. सगळ्या छावणीला एक पोर पकडता येत नव्हतं, कारण छावणी नियम पाळत होती. मार्वाला त्यातली गंमत कळायला पुढे बरीच वर्षं लागली. तेव्हा तिला फक्त रडू येत होतं, आणि ती रडत रडतच धावली. ट्रकसमोर पोचली, दोन्ही हात पसरून पुढच्या लोखंडी पट्टीला पाठ लावून उभी राहिली आणि मगच तिने झेंड्याकडे तोंड केलं. शेवटचे दोन सूर तेवढे उरले होते.

बिगुल संपताच कर्नलसाहेब स्वतः आले. त्यांनी आवाज चढवला नाही.

"नाव?"

"मार्वा स्ट्राउड, सर."

"वडिलांचं नाव, हुद्दा, तुकडी?"

हा प्रश्न म्हणजे वसाहतीतल्या पोरांचा काळ. तिने तिन्ही उत्तरं न अडखळता दिली आणि साहेब लिहून घेत असताना म्हणाली, "सर, माझ्या आईला शनिवारी जायचंय, आणि तिचा कागद पेटी क्रमांक एकेचाळीसमध्ये आहे."

साहेबांनी लिहिणं पुरं केलं. मग ट्रककडे बघितलं आणि चालकाला मागचं दार उघडायला सांगितलं. तेवढ्यात प्रुइटबाईंची गाडी आली. बिगुल वाजला तेव्हा ती पलीकडच्या वळणावर थांबली होती, आणि जेनीव्हा दाराला धरून, अनवाणी, छातीवर हात ठेवून उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. तिने यादीवर सही केली, आणि चालकाने दहा मिनिटांत एकेचाळीस नंबरची पेटी शोधून काढली. पाकीट बिस्किटाच्या डब्याखाली होतं, पार वाळलेलं.

शुक्रवारी भट्टीत बोट फिरलं ते स्वच्छ निघालं. शनिवारी ती तिघं विमानात बसली. कॅन्ससला पोचून सतराव्या दिवशी आईला कळा आल्या. बाळंतपण अवघड गेलं, दोन रात्री आणि एक दिवस, आणि तो सगळा वेळ बाबा तिच्या उशाशी बसून होते. मुलगी झाली. वजनाने जेमतेम, पण आवाजाने खणखणीत.

पत्र त्यानंतर आठवड्याने आलं, बाबांच्या नव्या साहेबांमार्फत. झेंड्याचा अवमान, मुलीला समज द्यावी, तिच्या हातचा माफीनामा पाठवावा. बाबांनी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, तिच्यासमोर कोरा कागद सरकवला आणि मजकूर सांगायला लागले. तिने नियम मोडल्याचं लिहिलं, वाईट वाटल्याचं लिहिलं. पुन्हा असं करणार नाही, ह्या ओळीवर तिची पेन्सिल थांबली.

"लिही," बाबा म्हणाले.

"हे नाही लिहिणार, बाबा. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा धावेन. मग ते खोटं होईल."

आतल्या खोलीत बाळ कुरकुरत होतं. मग बाबांनी कागद स्वतःकडे ओढला आणि तिच्या अर्धवट मजकुराखाली आपली सही केली, हुद्दा आणि क्रमांकासकट, आणि तो तसाच पाठवला.

त्या वर्षी त्यांची बढती हुकली. त्या कागदामुळे की आणखी कशामुळे, हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही कधी विषय काढला नाही. मार्वाने काढला, ती सोळाची झाल्यावर. बाबा मोटारीखाली उताणे पडून काहीतरी दुरुस्त करत होते. तिने खाली वाकून सरळ विचारलं, माझ्यामुळे गेली ना तुमची बढती.

खालचा खडखडाट थांबला.

"मी त्या रस्त्यावर असतो ना मार्वा," ते म्हणाले, "तर मी उभाच राहिलो असतो. ट्रक डोळ्यांदेखत गेला असता, आणि तुझी आई तिथेच अडकली असती." मग त्यांनी हात बाहेर काढून तिच्याकडे पाना मागितला.