चिठ्ठी न लागणारं औषध

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत कुणी नुसतं 'आई गं' म्हटलं, तरी शेजारच्या काकूंची पर्स उघडायची. जेवणानंतर बडीशेप पुढे करावी तशी त्या दुखण्यावरची गोळी पुढे करत. वर बजावत, "उपाशीपोटी नको हं." एवढं एकच पथ्य त्या पाळत, तेही दुसऱ्यांना सांगून.

'गोळीकाकू' हे नाव, सई, तुझ्या बाबांनी ठेवलं. काकूंना त्याचा राग नव्हता. उलट एका संक्रांतीला हळदीकुंकवाला आम्हा बायकांना त्यांनी वाण म्हणून इवल्या डब्या दिल्या. आत गोळ्यांची एकेक पट्टी! "गेल्या वर्षीच्या गाळण्या कुणी वापरल्यात? हे तरी वापराल," म्हणाल्या. तुझ्या आजोबांनी विचारलं, "वहिनी, दवाखाना काढताय की काय?"

"छे हो! दवाखान्यात थांबावं लागतं."

थांबायला त्यांना वेळ कुठे होता? मुलगा कंप्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेत गेलेला, सुनेचे दिवस भरत आलेले, आणि बाळंतपणाला जायचं म्हणून काकू दुपटी शिवत, डिंकाचे लाडू वळत होत्या. गुडघे कुरकुरत. मग सकाळच्या चहाबरोबर एक गोळी, संध्याकाळी दुसरी. त्या गोळ्यांनी पोटात जळजळायचं, म्हणून जळजळीसाठी वेगळी. पुढे पावलं सुजायला लागली. "विमानात बसायची सवय करतायत," असं काकू त्या पावलांबद्दल सांगत.

निघण्याआधी तब्येत दाखवून घे, असा मुलाने हट्ट धरला, म्हणून मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला, आणि विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

"एकही नाही," काकू अभिमानाने म्हणाल्या.

मी काही बोलणार, तेवढ्यात डॉक्टरांनी थकून कपाळ चोळलं. काकूंचा हात सवयीने पर्समध्ये गेला. "घ्या हो डॉक्टर. उपाशीपोटी नको हं."

डॉक्टरांनी ती अर्धी संपलेली पट्टी उलटसुलट करून पाहिली. "या किती दिवस घेताय?"

"दिवस कसले, वर्षं झाली."

"आणि म्हणता औषध चालू नाही?"

"अहो, हे औषध कुठे? याला चिठ्ठी लागत नाही!"

तपासण्यांत कळलं की काकूंची मूत्रपिंडं बरीचशी निकामी झाली होती. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि प्रवासही. बाळंतपणाला सुनेची आई गेली. लाडू आणि दुपटी तिच्याच सामानातून गेली. नातू काकूंनी आमच्या कंप्युटरवर पाहिला. चित्र सारखं अडकायचं आणि तुझे बाबा वैतागायचे. "थांबू दे रे," काकू म्हणायच्या, "तेवढंच नीट बघता येतं."

पुढच्या संक्रांतीला त्यांनी शेकायच्या रबरी पिशव्या वाटल्या. "हिला वेळ लागतो," एवढंच म्हणाल्या. नातवाला मांडीवर घ्यायचं मात्र राहूनच गेलं. तो पहिल्यांदा पुण्यात आला, तेव्हा काकूंच्या फोटोला हार होता. माझी पिशवी अजून न्हाणीघरातल्या खिळ्याला आहे.

सई, परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, रोज डोकं दुखतं गं, पण मी औषधबिषध काही घेत नाही." छान. आता पर्स उघड, आणि आत काय काय आहे ते मला वाचून दाखव.