गाडी घेऊन या म्हणणारी

वर्कशॉपमध्ये तिला तोंडावर 'ताई' म्हणत आणि पाठीमागे 'घंटी'. तिला हे माहीत होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. आवाजच तसा होता. काउंटरवरून ती बोलली की मागच्या आवारात गाडीखाली झोपलेल्या मेकॅनिकलाही ऐकू जायचं. आईला वर्षानुवर्षं कमी ऐकू येत असल्यामुळे शब्द न् शब्द सुटा करून बोलायची सवय तिला लहानपणापासून लागली होती. नवरा गेल्यावर ती पुन्हा आईजवळ राहायला आली आणि घर चालवायला म्हणून ही नोकरी धरली.

काम सोपं होतं. गिऱ्हाईक येणार, गाडीचं रडगाणं सांगणार, ते तिने लिहून आत पाठवायचं. बहुतेक रडगाणी एकाच मॉडेलची असत. मोठ्या डिकीची, मागे तिघं ऐसपैस बसतील अशी ती घरगुती गाडी एके काळी धो धो खपली होती. आता तीच दुसऱ्या-तिसऱ्या हाती फिरत होती. ऊन वाढलं की एसी मान टाकायचा. मागची काच एकदा खाली गेली की वर यायला नखरे करायची. क्लच इतका जड, की दाबून पायात गोळे यायचे. रेडिएटर थेंबथेंब गळायचा तो गळायचाच. घंटी गिऱ्हाइकाच्याच शब्दांत तक्रार लिहायची. 'चढावर सासऱ्यांसारखी खोकते' असं तिने एकदा जसंच्या तसं लिहून पाठवलं होतं, तर आतली मंडळी दिवसभर हसत होती.

मग एके दिवशी कंपनीने त्या मॉडेलच्या गाड्या परत मागवल्या. स्टिअरिंगच्या दांड्याखाली एक सांधा असतो, त्यात दोष निघाला होता. पाणी आणि धूळ शिरून तो आतून झिजत होता. आधी वळताना नुसती टकटक ऐकू यायची. पुढे कधीतरी सांधा सुटायचा, आणि मग हातातलं स्टिअरिंग फिरायचं पण पुढची चाकं फिरायची नाहीत. सांधा फुकट बदलून मिळणार होता, अर्ध्या दिवसाचं काम. मालकांना फोन करून 'गाडी घेऊन या' एवढं सांगायचं काम साहेबांनी घंटीला दिलं. साहेब म्हणाले, तुझ्याइतकं स्पष्ट इथे कोण बोलतं?

पण स्पष्ट बोलून भागत नव्हतं. दिवस असे आले होते की अनोळखी फोन म्हटला की माणूस आधी खिसा चाचपायचा. त्यात 'फुकट' हा शब्द कानावर पडला की उरलासुरला विश्वासही उडायचा. कंपनीने शिकवलेलं वाक्य होतं, "आपल्या वाहनासंदर्भात एक महत्त्वाची सूचना आहे." त्यातल्या 'महत्त्वाची'पर्यंत पोचायच्या आतच लोक फोन ठेवायचे. कोणी शिव्या द्यायचे, कोणी थट्टा करायचे. एका आजोबांनी मात्र गाडी सोडून स्वतःच्या गुडघ्यांचीच तक्रार सांगितली, आणि तिने तीही शांतपणे ऐकून घेतली.

यातच एका राखाडी गाडीचा मालक काही सापडेना. कंपनीकडे पहिल्या मालकाचं नाव होतं. ते एक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी गाडीचे गुणदोष मन लावून सांगितले आणि शेवटी म्हणाले, ती तर मी कधीच विकली. त्यांनी दलालाचा नंबर दिला. दलाल म्हणाला, "ताई, विकलेली गाडी म्हणजे सासरी पाठवलेली लेक. मी मागे वळून बघत नाही." पण घंटीने त्याचा पिच्छाच पुरवला, तेव्हा कंटाळून त्याने एकदाचा नंबर दिला.

हा मालक शिलाई मशीन दुरुस्त करणारा कारागीर होता. लोकांच्या घरी जाऊन मशीन बघायचं, मोठं काम असलं तर डिकीत घालून घरी आणायचं, असा त्याचा धंदा. तिने फोन केला तेव्हा तो कुणाच्या तरी घरी कामातच होता. मागे मशीन धडधडत होतं. तिने पाठ केलेलं वाक्य बाजूला ठेवलं आणि सरळ विचारलं, वळताना टकटक आवाज येतो का?

मागची धडधड थांबली. येतो, म्हणाला. ग्रीस मारून घेतलंय.

ग्रीसने हे भागणार नाही, हे तिने नीट समजावलं. आत काय झिजतं, ते सुटलं तर काय होतं, सगळं सांगितलं. त्याने ऐकूनही घेतलं. मग म्हणाला, "आणि तुम्ही हे फुकट करणार. का हो? आपलं काय नातं?" कंपनीची चूक आहे म्हणून कंपनी करणार, असं ती म्हणाली. त्यावर तो हसला. चूक कबूल करणारी कंपनी मी अजून पाहिली नाही, म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

काही दिवसांनी तिने पुन्हा फोन लावला. या वेळी त्याच्या बायकोने उचलला. तो फोन घरी चार्जिंगला लावून खाली गेला होता. घंटीने तेच सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. बायको मध्येच म्हणाली की माझ्या बहिणीला असाच गोड बोलून कुणीतरी गंडवलंय, तुम्हा लोकांना दुसरा कामधंदा नाही का? आणि तिनेही फोन ठेवला. त्यानंतर तो नंबर लागेनासाच झाला.

घंटी साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या डोक्यावर शेकडो गाड्या होत्या. "पालथ्या घड्यावर किती पाणी ओतणार?" ते म्हणाले. "दोनदा सांगितलंस ना? मग 'कळवलं' लिही आणि पुढची घे."

तिने 'कळवलं' लिहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. तरी घरी जाताना तिला वाटलं, दलालाकडून पत्ता काढावा, एकदा दारात जाऊन उभं राहावं. पण त्या आठवड्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ते झालं, पाठोपाठ औषधं, थेंब, डोळ्यांना उजेडापासून जपणं सुरू झालं. पत्त्याचं राहून गेलं.

एका दुपारी उचलगाडीवर लादून एक राखाडी गाडी आवारात आली. पुढचं सगळं तोंड आत गेलं होतं. घंटी खिडकीतून बघत होती. नंबर वाचला आणि तिने यादी काढून तो पुन्हा ताडून पाहिला. उचलगाडीच्या ड्रायव्हरने आत येऊन सांगितलं की पुलावरून उतरताना वळण होतं, गाडी वळलीच नाही, सरळ भिंतीवर गेली. गाडीत माणूस एकटाच होता. हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही. साहेबांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि कंपनीला फोन लावायला आत गेले. आवारातल्या लोकांनी डिकी उघडली. चादरीत गुंडाळलेलं एक शिलाई मशीन आत तसंच्या तसं होतं, साधा ओरखडाही नव्हता.

दहावं-बारावं उरकल्यावर कारागिराची बायको दिराला घेऊन ते मशीन न्यायला आली. मशीन कुणा गिऱ्हाइकाचं होतं, ते परत द्यायला हवं होतं. घंटी सवयीने म्हणाली, "या, बसा. पाणी देते." बाई एकदम मान वर करून तिच्याकडे बघतच राहिली. मग दिराला म्हणाली, भाऊजी, तुम्ही पुढे होऊन मशीन काढा, मी बसते जरा.

तो गेल्यावर तिने विचारलं, "फोन तुम्हीच केला होता ना?"

"हो."

"मी उचलला होता. यांना सांगितलंच नाही मी. म्हटलं, आधीच डोक्याला व्याप, त्यात हे कशाला?" तिने पदर बोटाभोवती घट्ट गुंडाळला होता. "हे मी कुणालाच बोलले नाही. सासूबाईंना नाही, भाऊजींना नाही. मी सांगितलं असतं तर ते आले असते ना इथे?"

घंटीच्या हातात पाण्याचा ग्लास होता, तो तिने खाली ठेवला. गप्प राहिलं तर ही बाई जन्मभर हा धोंडा उरावर घेऊन जगणार. खरं सांगितलं तर गेलेल्या माणसावर बोल येणार, आणि त्याला आता उत्तरही देता येणार नाही. तिला दोन्हीची भीती वाटली. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या आधी मी त्यांच्याशीच बोलले होते. त्यांना सगळं सांगितलं होतं."

"सगळं म्हणजे?"

"स्टिअरिंग सुटू शकतं, हेही."

बाईचा चेहरा हलका होईल असं घंटीला वाटलं होतं. तसं झालं नाही. तो हळूहळू आवळत गेला. बाई म्हणाली, "त्यानंतर आम्ही सगळे माझ्या माहेरी जाऊन आलो. मुलं मागे बसली होती. वळणावर आवाज येत होता, मी म्हटलं, दाखवून घ्या एकदा. तर म्हणाले, जुनं झालं की माणूससुद्धा कुरकुरतो." पदराचा पीळ तिने आणखी आवळला. "माहीत असून त्यांनी मुलांना बसवलं."

"विश्वास बसला नसेल त्यांचा," घंटी म्हणाली. "माझ्यावर कुणाचाच बसत नाही."

"तुम्ही सांगायला नको होतं मला हे." मग लगेच, "नाही, बरं केलंत." आणि उठता उठता पुन्हा, स्वतःशीच, "नको होतं."

दीर मशीन खांद्यावर घेऊन आला. ती त्याच्या मागोमाग गेली. पाणी तसंच राहिलं.

त्यानंतर घंटीने साहेबांकडे हट्टच धरला की जे फोनवर ऐकत नाहीत त्यांच्या घरी मी जाते. साहेबांनी नाही म्हटलं नाही. ती काही घरी गेली. एका म्हाताऱ्याने तिच्यासमोरच गाडी वळवून पाहिली, आवाज ऐकला आणि थेट वर्कशॉपला आणून लावली. पण बऱ्याच ठिकाणी दार बोटभर उघडायचं आणि मिटायचं. फोनवर तर तिचं सगळंच बिनसलं. पलीकडून 'हॅलो' आलं की तिला घाई व्हायची, आवाज चिरकायचा, "ठेवू नका, ऐका" असं ती अगदी गयावया करून म्हणायची. त्याने लोक जास्तच बिचकायचे आणि आणखी लवकर फोन ठेवायचे. पुढे कंपनीने फोन करण्याचं काम मशीनवर टाकलं आणि घंटीला सुट्या भागांच्या काउंटरवर बसवलं. तिथे चिठ्ठी आत येते, वस्तू बाहेर जाते. फारसं बोलावं लागत नाही.

विम्याच्या एका सहीसाठी ती बाई बऱ्याच महिन्यांनी पुन्हा आली. सुकली होती. या वेळी एकटीच होती. काम झाल्यावर ती सुट्या भागांच्या काउंटरपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी घरी सगळं सांगून टाकलं. माझंही आणि त्यांचंही. सासूबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, मेल्या माणसावर कशाला ढकलतेस? भाऊजी येतात, मुलांना बघतात, पण बसत नाहीत.

घंटीने हातातली चिठ्ठी खाली ठेवली. ती काउंटरच्या बाहेर आली आणि बाईबरोबर फाटकापर्यंत चालत गेली.

"आता तुम्ही फोन करत नाही?" बाईने विचारलं.

"नाही. आता मशीन करतं. टेप केलेला आवाज असतो."

"मग लोक ऐकतात?"

"नाही," घंटी म्हणाली.

बाईने मान हलवली. समोरून गाड्यांची रांग संथपणे जात होती. जरा मोकळी जागा मिळाली तशी ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. घंटी थोडा वेळ फाटकाला हात लावून उभी राहिली, मग आतून कुणीतरी ऑइल फिल्टर मागितला म्हणून परत फिरली.